खालचा कप्पा

आमच्या दुकानाच्या पाटीवर ‘वाइन्स’ लिहिलंय, पण गल्ला भरतो तो व्हिस्की आणि बिअरवर. महाराष्ट्रातल्या बहुतेक वाइन शॉपची हीच गत आहे. तरी आम्ही नाशिकात, तेही गंगापूर रोडला, म्हणून आमच्याकडे वाइनचं स्वतंत्र रॅक आहे. पुण्या-मुंबईचे पाहुणे शनिवार-रविवारी वायनऱ्या बघून परतताना गाडी थांबवतात, आणि गावातलीही काही घरं आता जेवणाबरोबर वाइन घ्यायला लागली आहेत. पाच कप्प्यांचं रॅक. त्यावर कुठली बाटली कुठे उभी राहणार यावरून जेवढं राजकारण होतं, तेवढं आमच्या हौसिंग सोसायटीच्या निवडणुकीतही होत नाही.

परवाना आजोबांच्या नावाचा. राज्यातली दारूबंदी सैल झाली त्या काळात त्यांनी तो घेतला, आणि आजी त्यावरून कितीतरी दिवस त्यांच्याशी धड बोलली नाही, असं वडील सांगायचे. तो कागद आज सोन्याच्या भावाचा झालाय, कारण 1970 च्या दशकापासून सरकारने एफएल-2 चे, म्हणजे सीलबंद विदेशी मद्य विकणाऱ्या दुकानांचे नवे परवाने देणं जवळपास थांबवलं. सगळ्या राज्यात मिळून अशी सुमारे 1,700 दुकानं. बिअर शॉपीतही वाइन ठेवता येते, पण तिथला फ्रीज बिअरलाच पुरत नाही. लोक वाढले, पिणारे वाढले, कंपन्या वाढल्या, दुकानं तेवढीच राहिली. वर मद्याच्या जाहिरातीला बंदी. मोठ्या कंपन्या सोडा, पाण्याची बाटली, गाण्याचे कार्यक्रम अशा आडवाटेने आपलं नाव लोकांपुढे ठेवतात. ज्याच्याकडे त्यासाठी पैसे नाहीत त्याला एकच जागा उरते, ती म्हणजे दुकानातला कप्पा. माझ्या रॅकला भाव आलाय तो असा. त्यात माझं कर्तृत्व शून्य.

मोठ्या कंपनीचा माणूस महिन्याच्या सुरुवातीला येतो. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण रीत सगळ्यांची सारखीच आहे. तरुण मुलगा, इस्त्रीचा शर्ट, पाठीला सॅक. तो मला ‘शेठ’ म्हणतो, मी त्याला ‘साहेब’ म्हणतो. मोबाइल काढून आधी रॅकचा फोटो घेतो. त्या फोटोतल्या बाटल्या त्यांचं अ‍ॅप मोजतं. त्यांच्या किती, इतरांच्या किती, नजरेच्या रेषेत कोण, सगळं. मग स्कीम निघते. इतक्या पेट्यांवर एक पेटी फुकट, दिवाळीआधी उचलल्या तर वेगळी सूट, उधारी भरपूर, काचेच्या दाराचा फ्रीज कंपनीचा आणि वीज माझी. अट कागदावर कधीच नसते. डोळ्यांच्या पातळीवरचे दोन कप्पे त्यांना हवे असतात, आणि फ्रीजमध्ये दुसऱ्या कुणाची बाटली दिसता कामा नये.

मागच्या हंगामात त्याची नजर सगळ्यात खालच्या कप्प्यावर गेली. ‘शेठ, हे किरकोळ ब्रँड काढा की. नुसती धूळ खातायत. तिथं आपली हाफची रेंज लावू.’

धूळ होती, हे खरं. गिऱ्हाईक खाली वाकत नाही. वाइन घेताना तर नाहीच, कारण तिथे तो आधीच थोडा बिचकलेला असतो. व्हिस्कीवाला दारातूनच नाव आणि माप सांगतो. वाइन घेणारा रॅकपुढे उभा राहतो, दोन-तीन लेबलं वाचल्यासारखं करतो, आणि शेवटी म्हणतो, ‘ती सूर्याच्या चेहऱ्याची द्या.’ सुलाचा तो मिशीवाला सूर्य आता शाळकरी पोरंही ओळखतात.

यासाठी सुलाला नावं ठेवणारे लोक मला भेटतात. त्यातले बरेच जण मुंबईचे असतात आणि त्यांना ‘काहीतरी छोटं, अस्सल’ हवं असतं. त्यांना मी सांगतो की सुलाच्या पहिल्या बाटल्या आमच्या दुकानात याच खालच्या कप्प्यात लागल्या होत्या. राजीव सामंत अमेरिकेतली ओरॅकलची नोकरी सोडून आले आणि गंगापूर धरणाच्या बाजूच्या घरच्या जमिनीत वाइनची द्राक्षं लावली. 2000 साली त्यांची पहिली वाइन आली, शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ. वडील म्हणाले होते, आपल्याकडे पांढरी, आंबट वाइन घेणार कोण? तेव्हा आमच्याकडे वाइन म्हणजे गोड पोर्ट. म्हाताऱ्या माणसांना झोप लागावी म्हणून, नाहीतर डिसेंबरात केकसाठी. लोकांना वायनरीत बोलावून, हातात पेला देऊन, तो कसा धरायचा आणि वास कसा घ्यायचा हे शिकवायचं काम सुलाने केलं. मुंबईहून माणसं फक्त वाइन प्यायला नाशिकला यायला लागली. त्यातली निम्मी माझ्या दारात थांबतात. आज देशातल्या द्राक्षाच्या वाइनमध्ये निम्म्याहून अधिक बाजार त्यांच्याकडे आहे, आणि डिसेंबर 2022 पासून शेअर बाजारात त्यांच्या शेअरचा भाव रोज लागतो. मोठं होणं हा गुन्हा असेल तर तो गुन्हा आमच्या डोळ्यांदेखत झालाय, आणि त्याची मलई मीही खाल्ली आहे.

पण रॅक पाच कप्प्यांचंच राहिलं.

खालच्या कप्प्यात ज्यांची बाटली आहे त्यातले एक आमचे नाना. दिंडोरी तालुक्यातले बागायतदार, वय सत्तरीकडे झुकलेलं. सरकारने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, उत्पादन शुल्क माफ केलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले. त्या लाटेत ज्या शेतकऱ्यांनी कर्ज काढून टाक्या बसवल्या, त्यातलेच हे. ते स्वतः माल घेऊन येतात. बोलेरोच्या मागच्या सीटवर पेट्या, वर ओलं गोणपाट, आणि वाहतुकीचा पास खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला. लेबलं घरातल्या बायका हाताने चिकटवतात. बारकाईने पाहिलं तर दहातलं एखादं किंचित कललेलं दिसतं. बाटलीचा रंगही दर वर्षी एक नसतो. काचेचा कारखाना ट्रकच्या हिशोबाने माल देतो. नानांना लागतात त्या बाटल्या व्यापाऱ्याकडे उरल्यासुरल्या मिळतात. त्यामुळे त्यांची शिराझ एका वर्षी हिरव्या बाटलीत येते, दुसऱ्या वर्षी तपकिरी, आणि गिऱ्हाईक मला विचारतं, ‘ही ओरिजिनलच आहे ना?’

दुकानात बाटली उघडून चाखवायला कायद्याने मनाई आहे, म्हणून चव घ्यायला मीच त्यांच्याकडे जातो. जायचं ते फेब्रुवारीत. आपल्याकडे द्राक्षाच्या दोन छाटण्या असतात, एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी. वाइनच्या द्राक्षांची काढणी जानेवारी ते मार्चमध्ये येते. ऊन वर यायच्या आत क्रेट भरून आलेले असतात. बाजारातल्या थॉमसनच्या मण्यापुढे शिराझचा मणी बिचारा दिसतो. वाटाण्याएवढा, जाड सालीचा, आत बिया. तोंडात टाकला तर आधी गोड लागतो आणि मग जीभ आवळून येते. टाकीत साली वर तरंगून त्यांचा जाड थर होतो. दिवसातून दोन-तीनदा खालचा रस पंपाने वर नेऊन त्यावर सोडावा लागतो, नाहीतर थर सुकतो आणि त्याचा व्हिनेगर व्हायला वेळ लागत नाही. शेजारच्या शेडमध्ये शेनिनची टाकी. पांढरी वाइन पंधरा-सोळा अंशांवर सावकाश आंबवायची असते आणि बाहेर तर पत्रा तापलेला. नानांचं सगळं लक्ष टाकीपेक्षा विजेच्या मीटरकडे. लाइट गेली की त्यांचा पुतण्या पळत जाऊन जनरेटर चालू करतो. त्याचं डिझेल पुढे बाटलीच्या किमतीत येतं, पण ते लेबलावर लिहिता येत नाही.

नळाचं तोंड फडक्याने पुसून त्यांनी पेल्यात शेनिन दिली. गढूळ, थोडी फसफसणारी, अजून पुरती वाइन न झालेली. वास मात्र पेरूचा, अगदी कच्च्या पेरूच्या सालीचा. तोच वास मला त्यांच्या तयार बाटलीतही मिळतो, आणि एवढ्या वर्षांत मोठ्या कंपनीच्या शेनिनमध्ये मिळालेला नाही. तिची शेनिन वाईट नसते, स्वच्छ असते, दर वर्षी तशीच असते. लाखो बाटल्या एका चवीच्या करायच्या तर वीस-पंचवीस गावांचा रस एकत्र करावाच लागतो, आणि त्यात एका मळ्याचा पेरू कुठे शिल्लक राहणार?

एवढं सांगितलं म्हणजे लहान तेवढं चांगलं असं मला म्हणायचंय, असा अर्थ कुणी काढू नये. लहान वायनरीचा माल विकण्यात काय डोकेदुखी असते ते माझ्या टेबलावर बसल्याशिवाय कळणार नाही. एकदा एप्रिलमध्ये बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक नेहमीचे काका गुलाबी वाइनची बाटली परत घेऊन आले. ‘अहो, उघडली तर शॅम्पेनसारखी उडाली. चादर बघा माझी.’ चादर त्यांनी खरंच पिशवीत आणली होती. वाइनमध्ये थोडी साखर राहिलेली, गाळणी नीट झालेली नाही, यीस्टचे चार कण आत गेलेले, आणि उन्हाळ्यात बाटलीतच पुन्हा आंबायला सुरुवात. मोठ्या वायनरीत हे जवळजवळ अशक्य आहे. तिथे प्रयोगशाळा आहे, बारीक गाळणी आहे, त्यावर लक्ष ठेवणारी शिकलेली माणसं आहेत. लहान्याने गाळणीचं यंत्र शेजारच्याकडून मागून आणलेलं असतं आणि शेजाऱ्याला ते संध्याकाळी परत हवं असतं. त्या वायनरीवाल्याने उरलेल्या बाटल्या निमूट परत नेल्या, हा त्याचा चांगुलपणा. पण काका पुन्हा खालच्या कप्प्याकडे वळले नाहीत. गंधकाचा वास, व्हिनेगरची धार, मागणी आली की माल नाही आणि माल आला की हंगाम संपलेला, हे सगळं मी ‘छोटा शेतकरी आहे’ म्हणून वर्षानुवर्षं पदरात घेऊ शकत नाही. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते वाइनचे, सहानुभूतीचे नाही.

आणि शेतकऱ्यांना विचाराल तर ते माझ्याहून रोकठोक. वाइनचं द्राक्ष खायच्या बाजारात चालत नाही. वायनरीने नेलं नाही तर त्याचं करायचं काय? म्हणून ज्याने ही बाग लावली तो एका अर्थाने वायनरीशी बांधला जातो. 2008 च्या मंदीने आणि त्याच वर्षाच्या 26 नोव्हेंबरला मुंबईवर झालेल्या हल्ल्याने हॉटेलं ओस पडली आणि वाइनची मागणी एकदम बसली. टाक्या भरलेल्या, बाटल्या पडून, नव्या हंगामाचा माल दारात. तोपर्यंत साठ-सत्तर वायनऱ्या झाल्या होत्या. कित्येक जण वाइन करून टाकीतली टाकीतच मोठ्यांना विकायचे, त्यांचं दार पहिल्यांदा बंद झालं. निफाड-दिंडोरीकडे लोकांनी वाइनच्या बागांवर कुऱ्हाड चालवली, नाहीतर त्याच खुंटावर खायच्या द्राक्षाचं कलम बांधलं. त्या पडझडीत मोठेही गेले. नारायणगावला श्यामराव चौगुल्यांनी 1980 च्या दशकात उभी केलेली इंडेज ही या धंद्यातली थोरली. फ्रेंच पद्धतीची त्यांची फसफसती वाइन ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशात गेली होती. पुढे कंपनीने बाहेरच्या देशांत कंपन्या विकत घ्यायला सुरुवात केली आणि नेमकी मंदी आली. शेवटी उच्च न्यायालयाने ती गुंडाळायचा आदेश दिला. ज्या शेतकऱ्याने तेव्हाचे दिवस पाहिलेत तो मला म्हणतो, ‘भाऊ, कंपनी मोठी असो नाहीतर बारकी. चेक वटला पाहिजे.’ आज मोठी वायनरी काही वर्षांचा करार करते, भाव ठरवून देते, माणूस पाठवून फवारणीचं वेळापत्रक सांगते. त्याची किंमत शेतकऱ्याला कळते.

मग माझी तक्रार आहे तरी काय? स्पर्धेबद्दल नाहीच. ज्या कागदांवर हा धंदा चालतो ते कागद मोठ्याच्या मापाने शिवलेत, ही माझी तक्रार. दर लेबलाची नोंदणी दर वर्षी करायची आणि शुल्क भरायचं. नानांनी सहा तऱ्हेच्या वाइन केल्या तर सहा लेबलं. त्यातल्या एकीच्या दहा पेट्या खपोत की दहा हजार, लेबल म्हणजे लेबल. शेजारच्या गोव्यात किंवा कर्नाटकात बाटली पाठवायची तर तिथलं उत्पादन शुल्क खातं वेगळं, नोंदणी वेगळी, शुल्क वेगळं. मोठ्या कंपनीत यासाठी एक अख्खा विभाग बसलेला असतो. नानांकडे हे काम पुतण्या करतो, जनरेटरच्या मधल्या वेळात. बाटली, बूच, खोका यांवर जीएसटी लागतो, पण मद्य जीएसटीच्या बाहेर, त्यामुळे तो कर पुढे वळता करून घेता येत नाही. मोठ्यालाही येत नाही, हे खरं. फक्त त्याची बाटली मुळात स्वस्तात आलेली असते.

व्हॅटच्या परताव्याचंही तसंच. वाइनवर वीस टक्के व्हॅट, त्यातले सोळा टक्के वायनरीला परत द्यायचे, अशी राज्याची प्रोत्साहन योजना आहे. ती मधल्या काळात थांबली होती, 2024 मध्ये पुन्हा सुरू झाली. योजना चांगलीच आहे. ती नसती तर खालचा कप्पा कधीच रिकामा झाला असता. पण पैसे आधी भरायचे आणि परत मिळायची वाट बघायची. मोठी कंपनी ती येणी ताळेबंदात दाखवते आणि बँक त्यावर विश्वास ठेवते. लहान्याला तोवर सोसायटीचं नाहीतर मेहुण्याचं कर्ज. शिवाय परतावा विक्रीच्या प्रमाणात, म्हणजे ज्याची विक्री जास्त त्याच्याकडे सरकारचा पैसा जास्त, हे सांगायला गणिताचा मास्तर नको.

जानेवारी 2022 मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा दुकानात दुसरा विषयच नव्हता. हजार चौरस फुटांहून मोठ्या दुकानात वाइनचं वेगळं कपाट ठेवायचं अशी कल्पना होती. शेतकऱ्याचं भलं होईल असं सरकार म्हणत होतं, विरोधक ‘मद्यराष्ट्र’ म्हणत होते, अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि निर्णय अमलात आलाच नाही. माझा विरोध होता. का, तर माझ्या पोटावर पाय येत होता. उगाच समाजहिताचा आव कशाला आणू? पण नानांसारखे लोक तेव्हा फार हरखले होते, आणि त्यांना मी एकच प्रश्न विचारायचो. नाना, सुपरमार्केटचं ते कपाट भरणार कोण? माझ्याकडे तुम्ही बोलेरोतून येता आणि मी चहा सांगतो. तिथे खरेदीचा निर्णय मुंबईच्या एका ऑफिसात होणार. ते विचारणार, राज्यभरातल्या सगळ्या शाखांत बाराही महिने माल देता का? तुमची वाइन दिवाळीनंतर संपते. नाना म्हणाले, ‘अरे, पण दार तरी उघडलं असतं.’ तेही खोटं नव्हतं.

कंपन्यांचा मला खरा राग येतो तो वेगळ्याच वेळी. त्यांच्या हिशोबात वाइन हा मूळ धंदा नसतो तेव्हा. बारामतीजवळच्या रोटी गावात विजय मल्ल्यांच्या समूहाने फोर सीझन्स नावाची देखणी वायनरी बांधली. मग युनायटेड स्पिरिट्स कंपनी लंडनच्या डियाजिओच्या ताब्यात गेली आणि त्या सौद्यात ही वायनरीही गेली. जगभर व्हिस्की विकणाऱ्या कंपनीच्या वहीत रोटीची वायनरी किती ओळींची असणार? पुढे ती ग्रोव्हर झाम्पाने घेतली. बांधकाम क्षेत्रातल्या एचसीसीने दिंडोरीकडे उभी केलेली चारोसाही त्यांच्याकडेच आली. त्या आधी 2012 मध्ये बंगळुरूचे ग्रोव्हर आणि इगतपुरीकडचे झाम्पा एकत्र झाले होते. आमच्या गंगापूरची यॉर्क, गुरनानी कुटुंबाने चालवलेली, 2021 मध्ये सुलाकडे गेली. हे वाईटच झालं असं नाही. काही ठिकाणी नव्या मालकाने वाइन सुधारली. पण रॅकवर पाच नावं दिसतात आणि मालक दोन निघतात, तेव्हा गिऱ्हाईकाला मी ‘ही दुसऱ्या वायनरीची बघा’ म्हणताना जरा अडखळतो.

आता बाहेरचेही आलेत. ऑस्ट्रेलियाशी केलेला करार 29 डिसेंबर 2022 ला लागू झाला. ज्या बाटलीची आयात किंमत 5 ते 15 डॉलरच्या दरम्यान, तिच्यावरचं शुल्क 150 टक्क्यांवरून 100 वर आलं आणि दहा वर्षांत ते 50 वर जायचंय. याचा फटका स्वस्त देशी वाइनला बसत नाही. तिथे मोठ्या कंपन्या सुखरूप आहेत. तो बसतो हजार रुपयांच्या आसपासच्या बाटलीला, आणि लहान वायनरी नेमकी तिथेच उभी असते, कारण स्वस्त वाइन करणं तिला परवडतच नाही. दीड हजारात ऑस्ट्रेलियाची शिराझ दिसली की आपल्या दिंडोरीची अकराशेची कोण बघणार? मी बघायला लावतो, पण दर वेळी मी काउंटरवर नसतो.

नानांना मी माझ्या धंद्याच्या विरुद्ध सल्ला देतो. तुमची वाइन माझ्याकडे कमी द्या, मळ्यातच विका. तिथे चाखवायला परवानगी मिळते, मधला माझा वाटा वाचतो, आणि पेल्याबरोबर माणूस टाकीही बघतो. नाशिक परिसरात लहानांपैकी जे तगले त्यातले बहुतेक असेच तगले. दोन खोल्या बांधा, सावलीत चार टेबलं टाका, काकूंचं पिठलं-भाकरी ठेवा. नाना म्हणतात, ‘वाइन करू, का हॉटेल चालवू?’ पुतण्याला मात्र पटलंय. त्याने नकाशाही काढून आणलाय.

तोवर खालचा कप्पा मी ठेवलाय. आता तो कंबरेच्या उंचीवर आणलाय आणि सगळ्यात खाली पोर्टच्या बाटल्या लावल्यात, पोर्टचं गिऱ्हाईक शोधून काढतंच. लहानांशी माझ्या अटी साध्या आहेत. स्कीम नको, उधारी नको, मी माल घेतला की पैसे देईन. पण बाटलीवर द्राक्ष कुठल्या वर्षाचं ते स्पष्ट छापा, फेस आला तर न बोलता बदलून द्या, आणि मार्चनंतर माल सकाळी लवकर आणा, कारण दुपारच्या उन्हात बोलेरोत तापलेल्या बाटलीचं बूच वर सरकतं आणि मग ती माझ्या गळ्यात पडते. एसीचं बिल वाढलंय ते वेगळंच.

इस्त्रीच्या शर्टवाल्या साहेबाने या वेळीही फोटो काढला. अ‍ॅपने काय सांगितलं ते त्याच्या तोंडावर दिसलं. ‘शेठ, वरून विचारणा होईल मला.’ मी म्हटलं, होऊ द्या, फ्रीज तुमचाच आहे ना? दिवाळीच्या स्कीममधली फुकटची पेटी या वर्षी आली नाही. तो खड्डा मी भरून काढतो दुसऱ्या एका जागतिक कंपनीच्या व्हिस्कीवर. संध्याकाळी सात ते नऊ क्वार्टरसाठी जी रांग लागते, तिच्या जोरावर नानांची शिराझ कंबरेच्या उंचीवर उभी आहे. हा हिशोब मी नानांना सांगितला तेव्हा ते बिलाचे पैसे मोजत होते. त्यातल्या काही नोटा त्यांनी माझ्याकडे परत सरकवल्या.

‘मग त्या व्हिस्कीचे दोन खंबे दे. पुतण्याचा साखरपुडा आहे. पाव्हण्यांना वाइन दिली तर म्हणतील, नाना कंजूष झाला.’